सही चाचांची, फोटो माझा

माझ्या नेमणुकीच्या कागदावर 'डार्करूम सहाय्यक' असं लिहिलं होतं. नांदेडच्या ज्या दवाखान्यात मी उमेदीची वर्षं काढली, तिथली एक्स-रेची डार्करूम नवं डिजिटल मशीन आल्यावर बंद पडली. लाल दिवा काढला, फिल्म धुवायच्या टाक्या भंगारात गेल्या आणि त्या खोलीत फिनाइलचे कॅन नि तुटक्या खुर्च्या येऊन बसल्या. मी मात्र कागदावर त्याच खोलीची सहाय्यक राहिले. एकदा वैतागून आस्थापनेच्या बाबूला विचारलं, की खोलीच नाही तर मी सहाय्य कुणाला करते? त्यानं फायलीतून मान वर न करता सांगितलं, "मॅडम, खोली गेली, पद हाय की. पद गेल्यावर कळंल."

मी चाकूरजवळच्या खेड्यातली. वडील तहसीलमध्ये शिपाई होते आणि आमच्या अख्ख्या भावकीत सायन्सला गेलेली मुलगी मी पहिली. लातूरला जो शिकायला येतो तो डॉक्टर व्हायलाच येतो, अशी तेव्हा हवा होती, आजही आहे. मीही दोन वर्षं क्लासच्या बाकावर बसले आणि परीक्षेत मला इतके कमी मार्क पडले, की वडिलांनी आकडा दुसऱ्यांदा विचारला नाही. मग कुणीतरी सुचवलं म्हणून एक्स-रेचा एक वर्षाचा कोर्स केला. आई गावात सांगायची, "पोरगी डॉक्टरकीच्या लाईनीत हाय." लाईन खरी होती. मी तिच्या पार शेवटी उभी होते, एवढंच.

एक वर्षाच्या कोर्सवर फक्त डार्करूम मिळते, हे नोकरी लागल्यावर कळलं. मशीन चालवायला तंत्रज्ञ लागतो आणि तंत्रज्ञाला दोन वर्षांचा डिप्लोमा लागतो. मी ड्युट्या बदलून, लोकांच्या मिनतवाऱ्या करून तो डिप्लोमा केला. तो हातात पडेपर्यंत लोक पदवी मागायला लागले होते. आमच्या धंद्यात शिकणाऱ्यानं घाई करावी, कारण वरचे लोक नियम बदलायला कधी उशीर करत नाहीत.

आमच्या विभागाचे तंत्रज्ञ लातूरचे होते. जुन्या पेठेतलं मुसलमान घराणं, भावांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. ते आठवडाभर नांदेडला खोली करून राहायचे आणि शनिवारी लातूरची बस धरायचे. बाकी दवाखाना त्यांना टेक्निशियन साहेब म्हणायचा, मी चाचा म्हणायचे. आज ते नाहीत. त्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्याच कोर्सनं शिकवलं नाही. टाकीतून बाहेर आलेली ओली फिल्म ते दिव्यासमोर धरायचे आणि विचारायचे, "सांग, ही बाई दम्याची हाय का बिडीची?" मी चुकले की म्हणायचे, "लातूरला डॉक्टर व्हायला गेल्ती ना तू?" त्यांच्या टोमण्याचा मला कधी राग आला नाही. दुसऱ्या कुणी तोच टोमणा मारला असता तर मी त्याला सोडलं नसतं.

मशीनला हात लावायची मला कागदोपत्री परवानगी नव्हती. पण आमच्याकडं बायका पुरुषासमोर पदर खाली घेत नाहीत आणि छातीचा फोटो तर पदर नि पोत काढल्याशिवाय निघत नाही. शिवाय प्रत्येक बाईला पाळी कधी आली होती हे विचारावं लागतं, कारण पोटात मूल असेल तर किरणं चालत नाहीत. चाचांनी एकदा एका नव्या नवरीला हे विचारलं, तर तिचा सासरा आत येऊन उभा राहिला. तेव्हापासून बाई आली की ते डार्करूमचं दार वाजवायचे. मी हात पुसत बाहेर यायची, बाईला उभं करायची, यंत्र लावायची, बटण दाबायची आणि फिल्म घेऊन परत अंधारात जायची. चाचा तेवढा वेळ दाराबाहेर बाकावर बसायचे.

छातीच्या फोटोला श्वास आत घेऊन थांबायचं असतं. त्याला चाचांनी मला 'दम धरा' म्हणायला शिकवलं होतं. एकदा उमरीकडची एक म्हातारी फिल्मच्या पाटीला छाती लावून उभी होती. मी म्हणाले, "दम धरा." ती वळून म्हणाली, "सकाळधरनं दमच धरून राह्यले की माय. अजून किती धरू?" त्या दिवसापासून मी 'वारं आत घ्या आणि तोंड मिटा' म्हणायला लागले. 'दम धरा' हे वाक्य पुढं ऑफिसातले लोक मला म्हणायचे, बढतीचं विचारलं की.

फोटो काढून झाला की रजिस्टरात नोंद व्हायची. नंबर, नाव, वय, कोणता भाग, आणि शेवटच्या रकान्यात काढणाऱ्याची सही. पहिल्या दिवशी मी माझी सही करायला पेन उचललं, तर चाचांनी रजिस्टर ओढून घेतलं. "तू सही टाकशील, तर हापिस मला विचारंल, मशीन कोन चालवून राह्यलंय? माझी टाक. नुसती दोन अक्षरं." मग मी त्यांची दोन अक्षरं टाकायला लागले. महिन्याभरात ती मला त्यांच्यापेक्षा चांगली यायला लागली. आमच्या लाईनीत ही रीतच होती. काम करील तो करील, सही पदाची. किरणं मोजायचा जो बिल्ला तंत्रज्ञाच्या छातीवर असतो, तोही मला कधी मिळाला नाही, कारण कागदावर मी किरणांच्या जवळ कधी गेलेच नव्हते. मला त्यात वाईट वाटलं नाही. मी तरुण होते आणि मशीन चालवायला मिळतं याचंच अप्रूप होतं.

आता त्या आजीचं सांगते. देगलूरच्या पलीकडून, पार तेलंगणाच्या शिवेवरून तिला आणलं होतं. ओट्यावरून पडली होती, दोन्ही घोटे सुजून टम्म. मी दोन्ही पायांचे फोटो काढले. उजवं-डावं कळावं म्हणून फिल्मवर शिशाची अक्षरं ठेवतात, पण आमची अक्षरं चार महिन्यांपूर्वी हरवली होती आणि नव्यांची मागणी कुठल्यातरी टेबलावर पडून होती. तोवर आम्ही डार्करूममध्येच फिल्मच्या कोपऱ्यात पेनानं लिहायचो. त्या दिवशी बाहेर गर्दी मावत नव्हती. मी दोन्ही फिल्म धुऊन टांगल्या आणि त्यातली कोणती कोणत्या पायाची हे माझ्या डोक्यातून साफ गेलं.

एका फिल्ममध्ये हाडाला चीर दिसत होती. मी विचार केला, चिरलेला पाय जास्त दुखणारच, आजीलाच विचारू. बाहेर आले. आजी स्ट्रेचरवर बसली होती, सोबतचा नातू चिठ्ठी घेऊन कुठंतरी गेला होता. मी विचारलं, "आजी, जास्त कोणता दुखतोय?" ती म्हणाली, "कुडी कालु." मला एवढंच ऐकू आलं, की काल. मी मनाशी म्हटलं, म्हातारी काल पडल्याचं सांगतेय, विचारलं काय आणि सांगते काय. तिचा हात डाव्या पायावर होता. मी आत जाऊन चिरलेल्या फिल्मवर डावा लिहिलं, दुसरीवर उजवा, आणि रजिस्टरात चाचांची दोन अक्षरं टाकली.

कुडी कालु म्हणजे उजवा पाय. हे तेलुगू येणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी चाकूरची, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि दुसऱ्यांदा विचारायची मला गरज वाटली नाही.

आजीच्या डाव्या पायाला प्लास्टर घातलं गेलं. दोन दिवस ती ओरडत राहिली, आणि वॉर्डातल्या लोकांना वाटलं म्हातारपणात माणसं ओरडतातच. तिसऱ्या दिवशी नातवानं आकांडतांडव केलं, दुसरा फोटो काढला आणि सगळं उघडं पडलं. पाय नंतर सांधला, पण आजी पुढं काठीशिवाय चालली नाही, असं मी ऐकलं. अधीक्षकांनी रजिस्टर मागवलं. सहीच्या रकान्यात चाचा होते.

मी चाचांकडे गेले आणि सांगितलं, की मी जाऊन खरं काय ते सांगते. ते मशीनचं टेबल पुसत होते. म्हणाले, "तुझी नोकरी अजून कच्ची हाय. पक्क्या मान्साला मेमो मिळतो, कच्च्याला नारळ. गप बस." मी म्हणाले, "पण चूक माझी आहे." ते म्हणाले, "फोटो तू काढला हे सांगितलंस तर मी इतकी वर्षं बाकावर बसून होतो हे पन सांगावं लागंल. ते मला मेमोपेक्षा महागात जाईल. गप बस म्हन्लं ना." मी गप्प बसले. ते माझ्यासाठी बोलले की स्वतःसाठी, याचा मी खूप वर्षं विचार केला. दोन्हींसाठी बोलले असतील. मला त्या वेळी एवढंच कळलं, की माझी नोकरी वाचली, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

चाचांना मेमो मिळाला. पुढच्या वर्षी मुख्य तंत्रज्ञाची जागा निघाली, तेव्हा सगळ्यात ज्येष्ठ तेच होते. जागा त्यांच्याहून सहा वर्षं लहान माणसाला मिळाली. त्यांनी त्याचा सत्कार केला, हार स्वतः आणला. त्यानंतर त्यांनी मला फिल्म दाखवून कधी काही विचारलं नाही. मी डार्करूमचं दार उघडं ठेवून वाट बघायची. ते यायचे, बाई आली म्हणून सांगायचे आणि बाकावर जाऊन बसायचे. पुढं ते तंत्रज्ञ म्हणूनच निवृत्त झाले आणि लातूरला गेले.

त्यांच्या जागी पदवीवाली पोरं आली. हुशार होती, कॉम्प्युटर त्यांना पाण्यासारखा यायचा. पण खुब्याचा फोटो काढायला मोडलेला माणूस कसा कुशीवर वळवायचा, हे त्यांना पुस्तकात कळायचं नाही. ती मला बोलवायची, "मॅडम, जरा बघता का?" मी वळवून द्यायची, ती बटण दाबायची आणि सही करायची. दोन वर्षांत ती वरिष्ठ होऊन दुसरीकडं जायची, मग नवी यायची. मी किती जणांना शिकवलं ते मोजायचं सोडून दिलं. एकानं जाताना माझ्या पाया पडून सांगितलं, की तुम्ही माझ्या गुरू आहात. मी त्याला म्हणाले, "तेवढं लेखी दे." तो हसला. मी गमतीनं बोलले नव्हते.

मग लातूरची जाहिरात आली. तिथल्या दवाखान्याच्या नव्या विभागात तंत्रज्ञाच्या जागा भरायच्या होत्या. पदवी नसली तरी दोन वर्षांचा डिप्लोमा आणि मशीन प्रत्यक्ष चालवल्याचा दहा वर्षांचा अनुभव चालणार होता. वयाच्या अटीत मी जेमतेम बसत होते. पुढच्या वेळी बसणार नव्हते, म्हणजे ही शेवटची. अनुभवाचा दाखला मागायला मी आस्थापनेत गेले, तर बाबूनं माझी सगळी रजिस्टरं बघून मान हलवली. "मॅडम, तुमची सही एका पन पानावर न्हाई. मी कशावरून लिहू?" अठरा वर्षांत मी हजारो बायांना त्या पाटीसमोर उभं केलं असेल. कागदावर एकही नव्हती. मी घरी आले आणि स्वयंपाक न करता बसून राहिले. रडू आलं नाही, चीड आली, आणि ती कुणावर काढावी हे कळत नव्हतं.

शेवटी मी लातूरला चाचांकडे गेले. ते फार वाळले होते, खोकला होता. चाचींनी दार उघडलं. चाची उर्दू शाळेत शिकलेल्या, मराठी बोललेलं कळतं पण अक्षर ओळखत नाहीत. म्हणून तर मला हे मराठीत लिहायचं धाडस होतंय, हे मी मान्य करते. चाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी म्हणाले, "तुमच्यासोबत काम केलेल्या तंत्रज्ञाचं पत्र चालतं, असं नियमात आहे. पण तुम्ही लिहिलं तर त्या सह्या तुमच्या नव्हत्या हे बाहेर पडेल." ते म्हणाले, "आता माझं काय घेनार हाईत? पेन्शन चालू झाली. कागद आन." आणि त्यांनी त्यांच्या त्या सुरेख, तिरप्या मराठी अक्षरात लिहून दिलं, की इतकी वर्षं स्त्री रुग्णांचे सर्व फोटो हिनेच काढले, माझ्या देखरेखीखाली काढले. सही केली. त्या दिवशी खरी सही बघितल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी दुसरं अक्षर कायम जरा जास्तच वळवत होते.

मुलाखतीला तीन माणसं होती. त्यातल्या कडेच्या खुर्चीतल्या डॉक्टरांना मी आत जाताच ओळखलं. देगलूरच्या आजीला प्लास्टर घालणारे ते हेच. त्या प्रकरणात त्यांनाही बोलणी बसली होती. त्यांनी चाचांचं पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "स्त्रियांचे सर्व फोटो तुम्ही काढले?"

"हो सर."

"मग त्या देगलूरच्या म्हातारीचा कुणी काढला होता? तीही स्त्रीच होती ना."

दोन उत्तरं होती. मी काढला म्हणाले असते तर चाचांच्या कपाळावरचा डाग गेला असता आणि माझी जागाही गेली असती. मी आजवर स्वतःला सांगत आले होते, की संधी मिळाली की मी खरं सांगेन. संधी टेबलाच्या पलीकडं बसून माझ्याकडं बघत होती.

मी म्हणाले, "नाही सर. तो त्यांनी काढला. मी त्या दिवशी डार्करूममध्ये होते."

यात निम्मं खरं होतं. डार्करूममध्ये मी होतेच. डॉक्टरांनी चष्मा घातला आणि पत्रावर कसलीशी खूण केली. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "चांगला माणूस, पण निष्काळजी." मी मान डोलावली. मला कुणी मान डोलवायला सांगितलं नव्हतं, ती मीच डोलावली.

महिन्याभरानं ऑर्डर आली. तंत्रज्ञ, असा स्वच्छ शब्द होता. वडील असते तर त्यांनी तो कागद फ्रेम केला असता. रुजू झाले त्या दिवशी मला बिल्ला मिळाला, रजिस्टर मिळालं, आणि मी शेवटच्या रकान्यात माझी सही केली. हात अडखळला. माझी सही मला नीट येत नव्हती.

रविवारी पेढे घेऊन चाचांकडे गेले. चाची चहा ठेवायला आत गेल्या. चाचांनी हळूच विचारलं, "इचारलं का त्यांनी?" त्यांना माहीत होतं. पत्र लिहितानाच त्यांना कळलं असणार, की हा प्रश्न येणार.

"विचारलं."

"मग?"

"मी म्हणाले, तुम्ही काढला."

मला वाटत होतं त्यांनी चिडावं, पेढ्यांचा बॉक्स परत द्यावा, निदान तोंड फिरवावं. ते थोडा वेळ खोकले. मग म्हणाले, "बराबर बोललीस. रजिस्टरात तेच हाय." आणि पेढा तोंडात टाकला.

मी विचारलं, "चाचींना तुम्ही कधी..."

"तिला कशाला? तिला मी काढला एवढंच म्हाईत हाय. मी घरी पन तेच सांगितलं."

तेवढ्यात चाची चहा घेऊन आल्या. त्यांनी माझ्या बिल्ल्याकडं बघितलं, तो मी मुद्दाम लावून गेले होते. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली आणि माझ्या शेजारी बसल्या.

"इनो एक फोटू चुके, बेटी, अन् सब गया इनका," त्या म्हणाल्या. "साहब बनने वाले थे. आज तक मुंह से एक बोल नै निकाले. तू संभाल के निकाल्या कर."

चाचा भिंतीकडं बघत होते. मी कप हातात घेतला.

"हो चाची," मी म्हणाले. "सांभाळून काढते."